सहाणेवर न आलेली घरं

शिमग्याला शिरघोळची पालखी देवळातून निघून सहाणेवरच्या चिऱ्याच्या चौथऱ्यावर येऊन बसली की अख्खं गाव तिथं लोटतं. मुंबईहून गाड्या भरभरून माणसं येतात, एरवी कुलपात असलेली घरं उघडतात, आणि काही दिवस तरी गावात माणसांचा तोटा नाही असं वाटतं. म्हणून गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या संदेशने जेव्हा विचारलं, "भाऊ, सगळ्या गावाचं मत घ्यायचंय, कुठे आणि कधी घेऊ?" तेव्हा गंगारामने फार विचार न करता सांगून टाकलं, "शिमग्याला. सहाणेवर."

गंगारामचं वय सत्तरीला आलेलं. सगळी नोकरी रत्नागिरीला एका सरकारी कचेरीत, आकडेवारीच्या कामात गेली. लग्न राहूनच गेलं. निवृत्त झाल्यावर तो पुस्तकांच्या पेट्या घेऊन गावी परतला, खालच्या वाडीतल्या घरात एकटा राहू लागला, आणि गावाने त्याला हुशार ठरवून टाकलं. त्याला स्वतःला मात्र त्याबद्दल कायम शंका असे. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याचे तळहात घामेजत, आणि बोलून झाल्यावर आपलं काय चुकलं ते तो अंथरुणात पडून आठवत बसे.

प्रश्न होता मंडळाच्या जीपचा. गावातल्या आजाऱ्यांना दवाखान्यात न्यायला मुंबईकरांनी मिळून ती घेतली होती. दिवसा ती गावात असे. रात्री देवरुखला, कारण तिचा चालक बाबल्या गावचाच असला तरी बायकोच्या नोकरीमुळे देवरुखला बिऱ्हाड करून होता. रात्री कुणाला काही झालं तर फोन करायचा आणि बाबल्या घाट चढून येईस्तोवर थांबायचं. गाडी रात्रीही गावात ठेवावी आणि बाबल्याला शाळेशेजारची खोली द्यावी, असं काहींचं म्हणणं होतं. बाकीचे म्हणत, आहे ते बरं चाललंय.

"देवाचा कौल घेतो तसा एकदा गावाचा कौल घेऊन टाकू," संदेश म्हणाला. "तुम्ही कागद तयार करा. तुमचा जन्म गेलाय त्यात."

गंगारामने कागद तयार केला. छोटाच होता: रात्रीची सध्याची सोय पुरेशी आहे का, आणि गेल्या वर्षात तुमच्या घरी कधी अडचण आली का. ज्याला भरायचा त्याने भरावा, न भरायचा त्याने न भरावा. सहाणेच्या कडेला एक टेबल, टेबलावर पत्र्याचा डबा. कुणाच्या दारात जाऊन कडी वाजवायला नको, उंबऱ्यात अवघडून उभं राहायला नको. त्याला ते फार सोयीचं वाटलं होतं.

लोकांनी हौसेने कागद भरले. ढोल वाजत होते, पोरं नव्या कपड्यांत होती. कुणी नारळ फोडून आला आणि ओल्या हातानेच कागद भरून गेला. मुंबईच्या एका सुनेने सेल्फी काढून घेतला. संध्याकाळी ओटीवर बसून गंगारामने कागद वेगळे केले, तर जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच: सोय पुरेशी आहे, अडचण नाही.

संदेश मोटरसायकल घेऊन आला, उभ्यानेच निकाल ऐकला आणि म्हणाला, "चला, सुटलो. गाव खूश आहे. उद्या संध्याकाळी सभेत वाचून टाका, परवा आम्ही निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाराम पुरणपोळ्यांचा डबा घेऊन वरच्या वाडीत निघाला. तिथं त्याची धाकटी बहीण मालन राहायची. तिचा नवरा रावजी पावसाळ्याच्या शेवटी गेला होता. वर्षाच्या आत घरात सण करायचा नाही, म्हणून सणाचं गोडधोड माहेरच्यांनी पोचवायचं, अशी रीत. आणि त्या बाजूला माहेरचं म्हणून गंगारामशिवाय कुणी उरलं नव्हतं. मुलगा शुभंकर मुंबईला कंपनीत. आईचा शिमगा नाही, म्हणून तोही आला नव्हता.

मालन खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होती. दोन पसे पसरले की थांबायची, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची. तिला जुना दम. औषधाचा पंप पदराच्या गाठीला बांधलेला असे.

"एवढ्या पोळ्या कुणाला रं दादा? माझ्या एकटीच्यानं का संपायच्या हायत?"

"दोन मी खातो."

"बस मग." ती पायरीवर टेकली. "काल सहाणेवर कसले कागद भरून घेतलेस म्हणं?"

"गाडीचे. रात्रीची सोय पुरते का ते विचारलं."

"मग काय म्हणाला गाव?"

"पुरते म्हणाला. बहुतेक सगळे तसंच म्हणाले."

मालनने डब्याचं झाकण लावलं. "बरा झाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आमी काय, ह्या वर्षी सहाणेवर येत न्हाय. परवा पालखी पण दारावरनं तशीच पुढं गेली. मी आपली कवाडाआडनं हात जोडले."

गंगारामच्या हातातला पोळीचा तुकडा हातातच राहिला. ज्या घरात माणूस गेलेलं असतं ते घर वर्षश्राद्धापर्यंत सहाणेवर येत नाही. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, मालनच्या घराचं तर डोळ्यांसमोर होतं. आणि जो आपणहून सांगायला येतो त्याचं म्हणणं खुशाल लिहून घ्यावं पण ते सगळ्यांचं समजू नये, हेही त्याने कचेरीत कितीतरी नव्या पोरांना शिकवलं होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात असून त्या एकमेकींना भेटल्या नव्हत्या. ज्यांना रात्री गाडी लागली आणि वेळेत मिळाली नाही, नेमकी त्याच घरांची वाट बंद असते, अशा जागी तो डबा मांडून बसला होता.

"मालन," तो म्हणाला, "भाऊजींच्या वेळचं सांग. मी तेव्हा विचारलं नाही कधी."

तिने हाताशी आलेल्या बिया सारख्या केल्या. मग म्हणाली, "काय सांगायचा? जेवून उठले नि छातीत कळ आली म्हणाले. शेजारच्या निशिगंधानं फोन लावला. बाबल्या आला. कसा आला त्याचा त्याला ठाऊक, घाटात धुकं इतका की हात दिसत न्हवता. मागच्या सीटवर ह्यांचा डोका माझ्या मांडीवर. दवाखान्याचा फाटक दिसला नि गेले. डॉक्टर म्हणाला, जरा आधी आणायला हवा होता." तिने पंप तोंडाला लावला, ओढला. "गाडी गावात असती तर असता मानूस. पण ह्या तू सहाणेवर बोलू नको. लोक बाबल्याचा नाव घेतील. तो पोर चांगला हाय."

"नाव घेणार नाही. कुणाचंच घेणार नाही. पण बोलायला हवं. तुला हा दम आहे, मालन. उद्या रात्री तुलाच लागलं तर?"

"मला काय व्हायचाय," ती म्हणाली. पण नको म्हणाली नाही.

त्या दिवशी गंगारामने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. वर्षाच्या आत माणूस गेलेल्या प्रत्येक घराची कडी वाजवली. एका घराने दार उघडलं नाही. एका घरात चहा दिला, पण या विषयावर शब्द काढला नाही. सोनूबाईने सांगितलं, गाडीचा काही संबंध नाही, सासू झोपेतच गेली, सुखाचं मरण आलं. गंगारामने तेही ध्यानात ठेवलं. तुळसाची सून बाळंतपणात गेली होती. तुळसा सांगता सांगता मध्येच उठून आत गेली आणि बाहेर आलीच नाही. तिच्या नवऱ्यानेच पुढचं पुरं केलं. आणखी दोन घरांत तसंच काहीसं. दुपार उलटून गेली तेव्हा गंगारामचे पाय भरून आले होते. लिहून असं त्याने काहीच घेतलं नव्हतं. लिहायची गरज वाटली नव्हती.

संध्याकाळी सभेला माणसं दाटीने बसली. पालखी मध्ये, गोंड्यांच्या झुलीत. संदेशने थोडक्यात प्रास्ताविक केलं आणि माईक गंगारामच्या हातात दिला. "भाऊ, निकाल सांगा फक्त."

गंगारामने निकाल सांगितला. मग माईक परत न देता तो तसाच उभा राहिला.

"पण हा निकाल बरोबर नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. आपण इथं आलेल्यांना विचारलं. ज्यांच्या घरात वर्षात माणूस गेलंय ती घरं इथं येत नाहीत. म्हणजे ज्यांना गाडीची सगळ्यांत जास्त गरज लागली तेच राहून गेले."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग काय भाऊ, गेलेल्यांना विचारून आलात की काय?"

हशा झाला. गंगारामला तो लागला नाही. "त्यांना विचारता येत नाही, हेच सांगतोय," तो म्हणाला. "त्यांच्या घरच्यांना विचारून आलो. सगळे बोलले नाहीत. एका घराने गाडीचा दोष नाही असं सांगितलं. पण चार घरांतलं माणूस गाडीची वाट बघताना गेलं, नाहीतर वाटेत गेलं. कुणाची नावं मी सांगणार नाही."

मग कुजबुज सुरू झाली, आणि गंगारामच्या लक्षात आलं की नावं सांगायची गरजच नव्हती. एवढ्याशा गावात वर्षात किती माणसं गेली ते सगळ्यांच्या बोटांवर होतं.

"तुळसाची सून धरा एक."

"वरच्या वाडीतले रावजीकाका."

"हां, त्या राती गाडी उशिरा आली म्हणत होते."

"गाडीवर कोण होता?"

"कोण म्हणजे? गाडीला दुसरा मानूस हाय काय?"

माना वळल्या. पालखीच्या भोयांमध्ये, खांद्यावर शेला टाकून बाबल्या उभा होता. तिशीतला, दणकट, चेहऱ्याने अजून कोवळा. त्याच्याच वयाच्या एकाने हसत हसत म्हटलं, "काय रं बाबल्या, देवरुखात हातरुण सुटत न्हवता काय तुझ्यानं?"

पुन्हा हशा झाला, आधीपेक्षा मोठा. थट्टाच होती ती, शिमग्यातली. शिमग्यात कुणी कुणाला काहीही बोलतं. बाबल्याही थोडा हसला. मग त्याने शेला खांद्यावरून काढून घडी केला, खिशातून जीपची चावी काढली, दोन्ही सहाणेच्या कडेला ठेवलं आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला. बऱ्याच जणांनी ते पाहिलंसुद्धा नाही, कारण तेवढ्यात संदेश माईकवर सांगत होता की गंगारामभाऊंचं म्हणणं योग्य आहे, डोळे उघडले, आजपासून गाडी रात्रीही गावातच राहील. टाळ्या वाजल्या. म्हाताऱ्या माणसांनी गंगारामच्या पाठीवर हात ठेवला. चारचौघांत बोलून त्याने काही मिळवलं होतं ते आयुष्यात पहिल्यांदाच, आणि तो चावीकडे बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाड्या निघून गेल्या. दुपारच्या सुमारास गंगाराम वरच्या वाडीत गेला. मालन खळ्यातच होती, पण त्याला बघून उठली नाही.

"नाव घेणार न्हाय म्हणालास."

"घेतलं नाही मी."

"घ्यायला कशाला लागतंय? ह्या गावात कोण कवा मेला ते कुत्र्यालाही ठाऊक असता." तिला धाप लागली. तो पंपासाठी पुढे झाला तर तिने हाताने थांबवलं, श्वास जाग्यावर येऊ दिला. "बाबल्याची आई आली होती सकाळी. नोकरी सोडली म्हणाली त्यानं. मुंबैला मेव्हण्याकडं चाललाय, रिक्षा चालवायला. रडत होती. मी काय सांगणार तिला? माझ्याच तोंडातनं गेला ना सगळा."

"मी समजावतो त्याला."

"काय समजावणार?" मालन म्हणाली. "दादा, अख्ख्या गावाला विचारत सुटलास. दारं ठोठावलीस. त्याला विचारलास काय? गाडी तो चालवत होता."

बाबल्यानेही डब्यात कागद टाकला नव्हता, हे गंगारामला आत्ता आठवलं. तिघे-चौघे भोई टेबलाशी आले तेव्हा तो मागेच राहिला होता. गंगारामने ते पाहिलं होतं आणि भोई आहे, घाईत असेल, असं धरून चाललं होतं.

तो तसाच खाली उतरला. एसटीच्या थांब्यावर बाबल्या बॅग पायाशी ठेवून बसला होता. देवरुखची गाडी यायची होती. गंगाराम त्याच्या शेजारी बसला.

"राग नाही ना आला?" गंगारामने विचारलं.

"कशाचा, भाऊ? तुमी खरा तेच बोललात."

"सगळं खरं नव्हतं ते. तुला विचारलंच नव्हतं. आता विचारू?"

बाबल्या हसला, सहाणेवर हसला होता तसाच. "आता लिहून कुठं घेणार?"

"कुठंच नाही."

बाबल्याने बॅगेचा पट्टा हातात धरून ठेवला. बोलला तेव्हा रस्त्याकडेच बघत बोलला. "फोन आला तसा निघालो होतो, शपथेवर सांगतो. अंगात बनियान होता. घाटात धुक्यानं उशीर झाला. तसे चौघं गेले, कुणी वाट बघताना, कुणी माझ्या गाडीत. दर वेळी काचेवरनं हात फिरवतो नि वाटता, आपून आणखी जोरात चालवायला हवी होती." तो थांबला. "रावजीकाकांचा येगळा. काकी सगळ्यांना सांगते फाटकाशी गेले म्हणून. न्हाय गेले फाटकाशी. खालच्या वळणावरच गेले. मला आरशात दिसला, मान कशी पडली ती. गाडी थांबवावी असा वाटला. पण काकी त्यांच्याशी बोलत होती. पाटाचा पानी वळवायचा राहिलाय, शुभंकरला फोन करायचाय, असा काय काय. मग मी थांबवली न्हाय. तशीच जोरात नेली दवाखान्यापर्यंत, जशी काय अजून वेळ हाय." त्याचा आवाज बसला. "तेवढी वाट तिच्यासाठी मानूस जिवंत होता. तिचा भरम मी कशाला मोडायचा?"

एसटी आली. गंगाराम म्हणाला, "एकदा मालनला भेटून जा."

"तिच्या तोंडाकडं बघवणार न्हाय मला, भाऊ." बाबल्या चढला. खिडकीतून त्याने हात केला की नाही, ते धुळीत दिसलं नाही.

परतताना शाळेशेजारी जीप उभी होती, पुसून स्वच्छ. गावात गाडी चालवणारे दुसरेही होते, पण ते आज सकाळी मुंबईला गेले होते. नवा माणूस मिळेपर्यंत ती तिथंच राहणार होती, रात्रीही आणि दिवसाही. आपण मागितलं ते मिळालं आणि मालनची रात्र आधीपेक्षा लांबलीच, हे मनात येऊन गंगाराम चढण चढता चढता दोनदा थांबला.

मालन पायरीवर बसली होती. दिवस कलला होता, बिया गोळा करून तिने सूप बाजूला ठेवलं होतं.

"भेटला?"

"भेटला. गेला."

"काय म्हणाला?"

गंगारामने आयुष्यभर कागदावर चुकीचा आकडा जाऊ दिला नव्हता. तो पायरीवर टेकला आणि म्हणाला, "फोन आला तसा निघालो होतो म्हणाला. धुकं होतं."

"ता मला ठाऊक हाय." मालन त्याच्याकडे बघत होती. "आणखी काय तरी म्हणाला त्यो."

गंगारामने बाजूचं सूप उगाच जवळ ओढलं.

"दादा, मी ह्यांच्या उशाला होते," ती म्हणाली. "मांडीवरचा डोका जड कवा होता ता बाईला कळता. वळणावरच कळला मला. पण पोर एकटा, घाटात धुकं, मागं मेलेला मानूस. ओरडले असते तर त्याचा हात हलला असता. म्हणून बोलत राहिले." तिने पदराने तोंड पुसलं. "तुझ्या तोंडावरनं आत्ता कळला, त्यानं पण बघितला होता. त्याला वाटत असेल काकीला काय म्हाईत न्हाय. आनि ताच ओझा घेऊन चाललाय मुंबैला."

अंगणात काळोख उतरत होता. शेजारच्या घरात निशिगंधाने दिवा लावला.

"फोन लाव त्याला," मालन म्हणाली. "मी बोलते."

गंगारामने नंबर शोधला, लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला. तिने दोन्ही हातांनी तो धरला. पलीकडे घंटी वाजत होती, त्यालाही ऐकू येत होती. वाजून वाजून ती थांबली.

"उचलत न्हाय," मालन म्हणाली.

"गाडीत असेल. ऐकू गेलं नसेल."

"लाव परत."

त्याने परत लावला. ती वाकून, डोळे मिटून ऐकत राहिली. या वेळीही कुणी उचलला नाही. गंगारामने फोन घ्यायला हात पुढे केला तर तिने तो दिला नाही. मांडीवर घेऊन बसली.

"आज तू इथंच झोप," ती म्हणाली. "सकाळी परत लावू."